तीन बायका, एक नटी: खान्देशातल्या एका भूमिकेची स्तुती आणि तिने केलेला बदल

नटीचं, संस्थेचं आणि नाटकाचं नाव इथे मुद्दाम नाही. खान्देशातल्या हौशी रंगभूमीवर पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका नाटकाभोवती एकत्र बांधून हे प्रकरण मांडलं आहे. प्रश्न एवढाच आहे: एका गुणी नटीची मनापासून स्तुती झाली, तर पुढच्या चार प्रयोगांत तिचं काम खाली का आलं?

नाटक दोन अंकी. तीन घरांतल्या तीन बायका, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला एकच दस्तलेखक आणि कागदही एकच, हक्कसोडपत्र. माहेरच्या जमिनीतला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा कागद. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण सही घ्यायला येणारा भाऊ तसाच येतो, येताना साडीही आणतो. पहिली बाई धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली, सत्तरीची, अहिराणी बोलणारी. दुसरी यावलकडची, केळीच्या बागेचा कारभार बघणारी, पंचेचाळिशीची, लेवा बोली बोलणारी. तिसरी जळगावात बँकेत नोकरी करणारी, तिशीतली, प्रमाण मराठी बोलणारी. तिन्ही भूमिका एकाच नटीने करायच्या, ही संहितेचीच अट.

संस्था चौदा जणांची. नोकऱ्या आटोपून संध्याकाळी सात ते दहा, असे पंचेचाळीस दिवस तालमी. पहिला प्रयोग राज्य हौशी नाट्य स्पर्धेत, जळगाव केंद्रावर, थंडीत. नटीला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. दोन दिवसांनी परीक्षण छापून आलं, साधारण तीनशे शब्दांचं. त्यातले निम्मे शब्द तिच्यावर होते: अष्टपैलू, तीन आवाजांवर हुकमत, अस्सल अहिराणी, म्हातारी तर हुबेहूब. लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता आणि आनंद खरा होता. कात्रण तालमीच्या खोलीत भिंतीवर लागलं.

पुढचे प्रयोग भुसावळ, धुळे, शिरपूर, अमळनेर. पाचव्या प्रयोगापर्यंत पहिला अंक ५२ मिनिटांवरून ६१ मिनिटांवर गेला होता, नटीचा आवाज दुसऱ्या अंकात बसत होता, आणि धुळ्यात जिथे हमखास टाळी यायची तिथे नाट्यगृह गप्प राहिलं होतं.

पहिल्या प्रयोगात तिने नेमकं काय केलं होतं

हे आधी नीट पाहायला हवं, कारण परीक्षणात यातलं फार थोडं आलं.

तिन्ही बायकांमधला फरक तिने पायांपासून उभा केला होता. म्हातारी अनवाणी. वजन टाचांवर, पावलं जमिनीपासून फार उचललेली नाहीत, आणि वळताना मान आधी वळत नाही, आख्खं धड वळतं. बागेची मालकीण चपला घालून येते, पण टेबलाजवळ बसताना चपला काढून बाजूला सारते. तिचं वजन दोन्ही पावलांवर सारखं, गुडघे किंचित उघडे, बांधावरून चालणाऱ्या माणसासारखे. बँकेतली बाई सँडलवर, वजन चवड्यांकडे. बसते ती खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर, कारण तिला कामावर परत जायचंय. यातल्या कुठल्याही गोष्टीला रंगभूषा लागत नाही. चेहरा तिघींचा एकच होता: साधा बेस, डोळ्यांना काजळाची रेघ, बस्स. म्हातारीला पांढऱ्या केसांचा टोप, मालकिणीला मोठं लाल चिकटकुंकू, तिसरीला बारीक टिकली आणि चष्मा.

सहीचा क्षण तिन्ही वेळा येतो, आणि खरं काम तिथे होतं. मालकीण सातवीपर्यंत शिकलेली. ती एकेक अक्षर काढते आणि काढताना तिचे ओठ हलतात. बँकेतली बाई सगळी पानं वाचते, पेनाला टोपण लावते आणि कागद मागे सरकवते. म्हातारी अंगठा देते. दस्तलेखक तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबतो, कागदावर टेकवतो, सोडून देतो. मग ती तो शाईचा अंगठा सावकाश डोक्यावरून, केसांतून पुसते. गावाकडच्या जुन्या बायका असंच करायच्या: पदर खराब होऊ नये म्हणून शाई केसांना. पांढऱ्या टोपावर काळा पट्टा उमटतो, दस्तलेखक तो बघतो आणि एक क्षण नजर खाली करतो. संवाद नाही. साडेचार-पाच सेकंदांचा व्यवहार. आपला हक्क सोडल्याची खूण ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरी जाते, आणि पदर मात्र स्वच्छ ठेवते.

परीक्षणात याचा उल्लेखच नव्हता.

शाईचा पट्टा का गेला

म्हातारीचा प्रवेश संपल्यावर ७० सेकंदांत तिला मालकीण व्हायचं होतं. त्या वेळात रंगमंचावर दस्तलेखकाचं स्वगत. विंगेत दोन मदतनीस, एक निळा झिरो बल्ब, जमिनीवर पसरलेली चादर. क्रम ठरलेला: एकीने टोप काढायचा, दुसरीने लुगड्याची गाठ सोडायची, मग मालकिणीची साडी, कुंकू, पाटल्या, शेवटी चपला. म्हातारीचं लुगडं नऊवारी, पण शिवलेलं आणि कमरेला नाडी असलेलं, त्यामुळे ते दहा-बारा सेकंदांत उतरतं. खरं नेसलेलं नऊवारी इतक्या वेळात उतरवून दुसरी साडी नेसवणं होत नाही, आणि तसा हट्ट धरणारे दिग्दर्शक शेवटी ब्लॅकआउट लांबवतात.

अडचण अंगठ्याची होती. गादीवर रबरी शिक्क्याची खरी शाई होती. ती अंगठ्यावरून सुटत नाही, आणि भुसावळच्या प्रयोगात मालकिणीच्या फिक्या साडीच्या निऱ्यांवर काळा डाग पडला. नायलॉनच्या टोपावरचा पट्टाही धुवून निघाला नाही, तो पांढऱ्या स्प्रेने झाकावा लागला. मदतनिसांनी रास्त तक्रार केली. धुळ्याच्या प्रयोगापासून गादी कोरडी ठेवली आणि केसांतून अंगठा पुसणं आपोआप गळलं. कोणी ठरवून काढलं नाही, आणि कोणी ठेवा असंही म्हटलं नाही. भिंतीवरच्या कात्रणात ज्याचं नाव नाही, त्यासाठी साडी खराब करायची कशाला, असं सगळ्यांना वाटलं असावं.

आवाजाचं मात्र नाव होतं. ‘हुबेहूब’ म्हातारीचंही होतं. मग तेच वाढत गेलं.

नऊ मिनिटं कुठून आली

प्रयोगाचं चित्रीकरण आणि घड्याळ समोर ठेवून हिशेब केला तर असा निघतो. हशा आणि टाळ्यांसाठी थांबण्यात दोन मिनिटं. हे साहजिकच, प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं. पण थांबणं एकदा फळलं की हशा यायच्या आधीच नटी थांबायला लागते, आणि तसं झालं. म्हातारीच्या खोकल्यात दीड मिनिट. खोकला संहितेत नव्हता, तो शिरपूरला आला आणि हसं मिळालं म्हणून राहिला. शब्द ताणण्यात आणि पॉज लांबवण्यात चार मिनिटं. उरलेलं दीड मिनिट वेषबदलात.

त्याचं कारण रंगभूषा. ‘हुबेहूब’ वाचल्यावर रंगभूषाकाराला वाटलं, आणखी हुबेहूब करू. कपाळावर आणि गालांवर सुरकुत्यांच्या रेघा आल्या. आरशात त्या छान दिसतात. चौथ्या रांगेपलीकडे त्या दिसत नाहीत आणि पहिल्या दोन रांगांना रेघाच दिसतात. शिवाय त्या पुसल्याशिवाय मालकीण होता येत नाही. थंड क्रीम, रुमाल, पुन्हा बेस: ७० सेकंदांचे १६० झाले. तेवढा वेळ दस्तलेखकाने स्वगत ताणलं. त्याचा दोष नाही, रिकामा रंगमंच भरणं त्याच्यावर आलं. अमळनेरचा प्रयोग उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. दिवसा पारा ४४च्या आसपास असला की रात्री नऊलाही विंगेत घामाच्या धारा लागतात. रेघा घामाबरोबर खाली उतरल्या आणि मालकिणीच्या गालावर म्हातारीच्या सुरकुत्या राहिल्या.

सगळ्यात जास्त नुकसान समोरच्या नटाचं झालं. दस्तलेखक म्हणजे तिन्ही प्रवेशांतला साक्षीदार. पहिल्या प्रयोगात तो तिच्याकडे बघायचा आणि त्याच्या बघण्यातून ती आपल्याला दिसायची. पाचव्या प्रयोगात ती प्रेक्षकांकडे तीन-चतुर्थांश वळून बोलत होती, आणि तो तिच्या खांद्याशी बोलत होता.

धुळ्यातली शांतता

आता भाषेबद्दल. खान्देशातल्या नटीची खरी परीक्षा इथेच होते, आणि ‘अस्सल अहिराणी’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं.

अहिराणी आणि लेवा बोली ऐकायला परक्या माणसाला जवळच्या वाटतात, त्याला कारण आहे. दोन्हींत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याचा डोया होतो. दोन्हींत ‘तुला’ऐवजी ‘तुले’ ऐकू येतं. नट बोली शिकायला बसतो तेव्हा हीच दोन वैशिष्ट्यं आधी पकडतो, कारण ती कानाला लगेच लागतात. पण दोघींना वेगळं करायला नेमकी हीच निरुपयोगी आहेत. वेगळेपण दुसरीकडे आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’. षष्ठीला चा-ची-चेऐवजी ना-नी: घरचा नाही, घरना. ‘माझा’ला मन्हा. मुलीला आंडेर. आली म्हणजे उनी. ‘तो करतो’ला ‘तो करस’. ‘इथे’ला आठे. बहिणाबाईंच्या कवितेमुळे लेवा बोली महाराष्ट्रभर कानांवर आहे, आणि तिथे चा-ची-चे शाबूत आहे.

नटी मूळची जळगावची. ‘डोया’ आणि ‘तुले’ तिच्या तोंडी पक्के बसले होते, ‘मन्हा’ही. सुटत होता तो ‘शे’. म्हातारीचं सगळ्यात भारी वाक्य आहे, “मन्हा भाऊ शे तो.” दस्तलेखक विचारतो, वाटा का सोडता, त्यावर हे एवढंच उत्तर. धुळ्यात ती म्हणाली, “मन्हा भाऊ आहे तो.” जळगावात आणि भुसावळला अशी चूक कदाचित खपली असती, तिथला प्रेक्षक मिश्र. धुळ्यातल्या प्रेक्षकाच्या घरात आई याच शब्दांत बोलते. त्यांनी आवाज केला नाही, चुळबुळ केली नाही. त्यांनी त्या बाईवर विश्वास ठेवणं थांबवलं, एवढंच.

‘शे’च का सुटतो? ‘आहे’ हा शब्द बोलताना आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. मन्हा, आंडेर, उनी हे शब्द नटाला ‘खास’ वाटतात, म्हणून तो जपून उच्चारतो. क्रियापद सवयीवर सोडलेलं असतं, आणि सवय स्वतःच्या बोलीची असते. त्यातून डोकं आवाज घोगरा ठेवण्यात गुंतलं असेल तर सवय जिंकतेच. म्हणजे इथेही मूळ स्तुतीत आहे: आवाजाकडे लक्ष वाढलं, तेवढं भाषेकडचं कमी झालं.

घसा

घोगरा आवाज काढताना स्वरयंत्राच्या वरचे स्नायू आवळले जातात. पाच मिनिटं चालतं. एका अंकात वीस-बावीस मिनिटं, तेही मागच्या रांगेपर्यंत पोचेल इतक्या जोरात, आणि प्रयोग सलग दोन दिवस असला की दुसऱ्या अंकात वरच्या पट्टीचे स्वर फाटायला लागतात. बँकेतली बाई दुसऱ्या अंकात येते आणि तिला स्वच्छ, सरळ आवाज हवा. भरपाई तिला करावी लागली. मध्यंतरात नटी कुजबुजत बोलायची, घशाला आराम म्हणून. कुजबुजणं हा आराम नाही, त्यातही ताण पडतो. गप्प बसायचं आणि घोटघोट पाणी प्यायचं. आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर लवंग-खडीसाखरेवर भागवायचं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

म्हातारपण घोगरेपणात नसतंच. ते श्वासात असतं. सत्तरीच्या बाईचं वाक्य संपायच्या आधी श्वास संपतो. म्हणून वाक्य तीन-चार शब्दांवर तोडायचं, तोडलेल्या जागी खरंच श्वास घ्यायचा, आणि शेवटचा शब्द उरलेल्या हवेवर सोडायचा. आवाज स्वतःचाच राहतो, आणि तरी वय ऐकू येतं. पहिल्या प्रयोगात ती जवळजवळ हेच करत होती. परीक्षकाने ऐकलं ते, पण नाव दिलं ‘आवाज बदलला’ असं.

दुरुस्ती

अमळनेरनंतर सहा तालमी झाल्या. नवं काही बसवायचं नव्हतं, चढलेलं उतरवायचं होतं.

पहिल्या दोन तालमी म्हातारीच्या प्रवेशाच्या, बसून, अभिनय न करता. साक्री भागात वाढलेल्या एका बाईंना संहिता मोठ्याने वाचायला लावली आणि नटीने पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘शे’, प्रत्येक ना-नी आणि प्रत्येक ‘-स’कारान्त क्रियापदाखाली लाल रेघ मारली. बाकी शब्दांना रेघ नाही. पहिल्या प्रवेशात एकतीस रेघा निघाल्या. एक पथ्य: वाचणाऱ्या बाईंना ‘थोडं ठासून वाचा’ असं सांगायचं नाही. ठासून वाचलं की बोली नकलेकडे झुकते.

तिसऱ्या तालमीत प्रवेश पूर्ण कुजबुजीच्या नव्हे, पण ओसरीवर बोलतो इतक्या आवाजात, दस्तलेखकाच्या डोळ्यांत बघून. खोकला गेला. चौथी तालीम फक्त विंगेची: घड्याळ लावून वेषबदल अकरा वेळा. सुरकुत्या काढून टाकल्या, म्हणजे लावल्याच नाहीत. शेवटचे चार बदल ६५ ते ७२ सेकंदांत बसले. पाचवी रंगीत तालीम, सहावीत पुन्हा पहिला अंक.

चौथ्या तालमीत शाईचा प्रश्न पुन्हा निघाला, कारण दस्तलेखक झालेल्या नटाने विचारलं, “ताई, तो अंगठा केसांत पुसायचात, ते का बंद केलंत? मला नजर खाली करायला तिथेच जागा होती.” आख्ख्या संस्थेत एवढ्या दिवसांत हे एकट्याने म्हटलं. उपाय अगदी साधा निघाला. गादीवर शाईऐवजी काजळ आणि खोबरेल कालवून लावायचं. मागच्या रांगेपर्यंत काळं दिसतं, साबणाने टोपावरून निघतं. विंगेत पहिल्या मदतनिसाच्या डाव्या हातात साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं. टोपाला हात लावायच्या आधी अंगठा पुसायचा. चार सेकंद.

दुसरं परीक्षण

चोपड्याच्या आणि त्यानंतर धुळ्यात पुन्हा झालेल्या प्रयोगावर त्याच परीक्षकाने पुन्हा लिहिलं. या वेळी पद्धत वेगळी होती, आणि ती कुणालाही वापरता येईल.

चोपड्याचा प्रयोग तिसऱ्या रांगेतून पाहिला, धुळ्याचा शेवटून दुसऱ्या रांगेतून. धुळ्यात पहिला अंक बराचसा फक्त तिच्या पायांकडे आणि समोरच्या नटाकडे पाहण्यात घालवला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की मन तिथेच अडकतं. बोलीबद्दल स्वतःच्या कानावर विसंबून न राहता मध्यंतरात शेजारच्या प्रेक्षकांना विचारलं: कुठल्या गावाकडची वाटते? दोघांनी साक्रीकडची सांगितलं. रात्री अकराला मजकूर द्यायचा असेल तर एवढं सगळं जमत नाही, हे खरं. मग निदान ज्याची खात्री नाही ते ‘अस्सल’ म्हणू नये, आणि जे दिसलं त्यातल्या दोन गोष्टी तरी नेमक्या लिहाव्यात.

नेमकं म्हणजे किती नेमकं, याचा अंदाज यावा म्हणून एक नमुना: “म्हातारी वळते तेव्हा मान वळत नाही, धड वळतं; तिचं वय आपल्याला तिथे कळतं. ‘मन्हा भाऊ शे तो’ हे वाक्य तिने अर्ध्यावर श्वास घेऊन तोडलं, म्हणून ‘तो’ हा शब्द एकटा पडला आणि भाऊही. अंगठ्याची शाई ती केसांना पुसते आणि दस्तलेखक मान खाली घालतो, हा या नाटकातला सगळ्यात मोठा संवाद. मालकिणीच्या प्रवेशात मात्र हात सारखे कमरेवर जातात. बागेचा कारभार सांभाळणाऱ्या बाईचा रुबाब दाखवायला तिला त्याची गरज नाही.”

यात ‘अष्टपैलू’ नाही. तिघी वेगळ्या कशा झाल्या ते कळतं, म्हणून तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. शेवटचं दोषाचं वाक्यही स्तुतीइतकंच कामाचं आहे, कारण ते एका प्रवेशातल्या एका सवयीबद्दल आहे. ‘काही ठिकाणी अभिनय कृत्रिम वाटतो’ असं लिहिलं असतं तर नटीला सगळ्या ठिकाणी शंका आली असती.

धुळ्याच्या त्या प्रयोगात पहिला अंक ५३ मिनिटांचा झाला. “मन्हा भाऊ शे तो” या वाक्यावर टाळी आली नाही. मधल्या रांगांतल्या दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला. नंतर म्हातारीने अंगठा केसांतून पुसला, टोपावर काळा पट्टा उमटला, आणि मदतनीस ओलं फडकं घेऊन विंगेच्या तोंडाशी उभी होती.